पुढे मोकळं

आमच्या घरात ट्रक चालवण्याच्या लायकीचं कोणी असेल तर ती मी, असं माझं ठाम मत होतं. मला रस्ता दिसतो, कोण कुठून आडवा येणार ते आधी कळतं, आणि ओरडायला घसाही आहे. मास्तरांचं सगळं याच्या उलट. रस्ता ओलांडायला उभे राहिले तर रस्ता मोकळा होऊन पुन्हा भरला तरी स्वारी तिथेच. आणि या माणसाने वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मी कपडे वाळत घालत असताना, मागे येऊन सांगितलं की मी लांब पल्ल्याचा ट्रक चालवणार आहे. माझ्या हातातला चिमटा खालच्या मजल्यावर पडला.

मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेतले मास्तर नव्हेत. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात ते वीस वर्षं कापड कापायचे. तिथे सगळे कटिंग मास्तर म्हणायचे, म्हणून त्यांच्या माघारी मीही मास्तरच म्हणते. तोंडावर आपलं 'अहो'.

त्यांना तंद्री लागते. लहानपणापासूनची. कारखान्यात लांबलचक टेबल होतं, त्यावर कापडाचे चाळीस-चाळीस थर एकावर एक, वरच्या थरावर खडूच्या रेघा, आणि रेघेवरून यंत्राची सुरी फिरवायची. मी एकदा डबा द्यायला गेले तेव्हा पाहिलं. सुरी रेघेवरून केसभरही हलत नव्हती आणि साहेब स्वतः कुठल्या कुठे गेलेले. डोळे उघडे, हात चालू, माणूस गायब. मी पाच मिनिटं समोर उभी होते. शेवटी शेजारच्याने कोपराने ढोसलं तेव्हा मला म्हणाले, 'अगं, तू कधी आलीस?' वीस वर्षांत एक बोट कापलं नाही हे मात्र खरं. कारखान्यातल्या बाकी सगळ्यांचं एखादं पेर तरी गेलेलं.

घरीही तेच. मी एका रक्त तपासणाऱ्या लॅबच्या खिडकीत बसते. दिवसभर लोकांची कटकट ऐकायची आणि रात्री जेवताना ती घरी सांगायची, नाहीतर मला झोप येत नाही. मास्तर जेवता जेवता बरोबर हवं तिथे 'हं' म्हणायचे. इतकं बरोबर, की मला बरीच वर्षं वाटायचं माणूस ऐकतोय. मग एकदा मी परीक्षा घेतली. सूर तोच ठेवला आणि म्हटलं, 'आणि मग मी शेजाऱ्याबरोबर पळून गेले.'

'हं,' मास्तर म्हणाले. 'बरं केलंस.'

लेक हसून हसून ताटावर पडायची बाकी राहिली. मला मात्र असा राग आला की आठवडाभर उतरला नाही. पण त्या दिवसापासून मला तो 'हं' ओळखता येऊ लागला. ऐकून म्हटलेला 'हं' जरा वर चढतो. तंद्रीतला सपाट असतो, इस्त्री केल्यासारखा.

पुढे कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं यंत्र आलं आणि मास्तर घरी बसले. चार महिने. आमच्या गल्लीच्या टोकाला हमरस्त्यावरून जाणारा पादचारी पूल आहे, त्याच्या मधोमध जाऊन उभे राहायचे. खालून ट्रक जायचे. मला वाटायचं, जीवबीव द्यायचा विचार आहे की काय. एक-दोनदा मी लेकीला मागे पाठवलं. ती येऊन सांगायची, 'काही नाही गं आई, बाबा नुसते बघतायत.' कशाला बघत होते ते मला त्या दिवशी कपडे वाळत घालताना कळलं.

मी काय काय बोलले ते इथे सांगत नाही. सगळी गच्ची ऐकत होती. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'वीस वर्षं मी एका टेबलाभोवती चाललो. तेवढंच सरळ चाललो असतो तर समुद्र लागला असता.' बोलताना चेहरा असा उजळला होता की माझं तोंड बंद झालं. खोटं कशाला बोलू, आमच्या लग्नातही हा चेहरा नव्हता. मला थोडं वाईटही वाटलं त्याचं.

शिकले. पहिल्या फटक्यात परवाना मिळवला. गाडी मागे घेऊन दोन खांबांमध्ये लावायची असते, त्यात भलेभले गटांगळ्या खातात. मास्तरांनी अशी लावली म्हणे, जशी कापडावर रेघ. एका वाहतूक कंपनीने घेतलंही. पण तिथे एक नियम होता. नव्या माणसाने दहा खेपा एका जुन्या ड्रायव्हरबरोबर मारायच्या. गाडी नव्याने चालवायची, जुन्याने बसून बघायचं. दहावी खेप झाली की जुना ड्रायव्हर नव्याच्या वहीत शेवटच्या पानावर सही करणार. सही झाली की स्वतःची गाडी. नाही झाली तर घरी. कंपनीचा मालक मध्ये पडला तरी ती सही मिळत नाही, असं मास्तर मला मोठ्या कौतुकाने सांगायचे. त्या सहीवर त्यांनी सगळा जीव लावला होता. वही उशाशी घेऊन झोपायचे.

त्यांच्या वाट्याला आलेल्या जुन्या ड्रायव्हरला सगळे मामा म्हणायचे. चौतीस वर्षं गाडीवर काढलेला माणूस. गोल, बुटका, आणि आवाज एवढासा की पुढे वाकून ऐकावं लागे. या मामांची एक रीत होती. सरळ रस्त्यावर नव्या माणसाने बोलत राहायचं. गप्पा नाहीत मारायच्या. जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं. डावीकडे झाड. उजवीकडून मोटारसायकल. पुढे पूल. आणि काहीच नसेल तर 'पुढे मोकळं'. मामा केबिनमधल्या मागच्या फळीवर आडवे व्हायचे आणि त्या आवाजावर झोपायचे. आवाज थांबला की त्यांना जाग यायची. चौतीस वर्षांत त्यांनी किती नवे तयार केले कोण जाणे, पण गप्प झालेल्या माणसाच्या गाडीत ते एक मिनिटही झोपले नाहीत म्हणे.

आता गंमत बघा. जो माणूस आमच्याशी दिवसाला चार वाक्यं बोलायचा, तो आठ-आठ तास बोलायला लागला. आणि ती सवय घरी आली. पहिल्या खेपेहून परतले आणि जेवताना म्हणाले, 'समोर आमटी. उजवीकडे लेक, तोंड फुगलेलं.' लेकीचं तोंड खरंच फुगलेलं होतं. दुसऱ्या खेपेनंतर जिना उलटा उतरायला लागले, पायऱ्यांकडे तोंड करून, कठडा धरून. ट्रकमधून तसंच उतरतात. खालच्या आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मास्तरांना चक्कर वगैरे येते का. मामांनी एक लाकडी हातोडी दिली होती, चाकं ठोकून हवा ओळखायला. ती घेऊन घरातली पाण्याची पिंपं ठोकत हिंडायचे. 'हे ऐक. हे भरलेलं. हे अर्धं.' मी म्हटलं, 'झाकण काढून बघा की, डोळे आहेत ना?' तर म्हणाले, 'डोळ्यांनी काय, कोणीही बघेल.'

आणि पहाटेचे फोन. साडेपाचला, गाडी काढायच्या आधी. मी चहा ठेवायची, फोन ओट्यावर उभा करायची आणि मास्तर सांगत राहायचे. केबिन किती उंच असते, तिथून झुडपांच्या पलीकडची शेतं दिसतात, शेतांच्या पलीकडचं पाणी दिसतं, आणि पहाटे त्या पाण्यावर धुकं असं पसरलेलं असतं की आपण चाकांवर नाही, वाफेवरून चाललोय असं वाटतं. एका गावात सगळ्या खिडक्या निळ्या होत्या. एका ठिकाणी रस्त्याच्या मधोमध एक पांढरी घोडी उभी होती, एकटी, आणि मास्तर गाडी थांबवून तिच्याकडे आणि ती मास्तरांकडे बघत राहिली. मग ती आपणहून गेली. 'घाट उतरायला लागलं की सगळी जमीन निळी दिसते,' ते सांगायचे. 'आणि रस्ता असा येत राहतो, कोणीतरी पलीकडे बसून कापडाचं थान उलगडतंय आणि मी नुसता हात लावून उभा आहे.'

चहा उतू जायचा. मला लॅबला उशीर व्हायचा. पण मी फोन ठेवत नव्हते. अठरा वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला तो माणूस मला आत्ता भेटत होता, आणि तो मला आवडत होता. हे मी कोणाला सांगितलं नाही. लेकीला कळलं असावं, कारण ती गालात हसायची.

सातव्या खेपेतला फोन मात्र दुपारी आला. मी खिडकीत होते, समोर रांग. मास्तरांचा आवाज बसलेला.

'अगं, माझे अकरा किलोमीटर गेले.'

'गेले म्हणजे?'

'धरणाचा फाटा आठवतोय. त्यानंतर एकदम पुलापाशीच. मधलं काहीच नाही. गाडी सरळ होती, वेग बरोबर होता. आणि मी बोलत होतो बहुतेक, कारण मामांना जाग आली नाही. पण मी तिथे नव्हतो.'

मला ते टेबल आठवलं, ती सुरी. 'मग झालं काय?' मी विचारलं.

'काहीच झालं नाही.'

'मग झालं तर.'

'मामांना सांगायला हवं ना?'

आता इथे मी काय बोलले ते जसंच्या तसं सांगते, कारण ते माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. मी म्हटलं, 'वेड लागलंय का तुम्हाला? तीन खेपा राहिल्यात. काही झालं नाही ना? मग तोंडाला कुलूप लावा आणि सही होईपर्यंत काढू नका.' रांगेतली एक बाई माझ्याकडे बघायला लागली. मी तिला म्हटलं, 'काय बघताय, बाटली द्या इकडे.'

मास्तर म्हणाले, 'बरं.'

मला त्यांची काळजी नव्हती असं नाही. होती. पण त्याहून मोठी भीती ही की हा माणूस पुन्हा घरी येऊन त्या पुलावर उभा राहील. मला ते चार महिने परत नको होते. आणि पहाटेचे फोन हवे होते. स्वार्थ म्हणा हवं तर.

दहाव्या खेपेला घरच्या एका माणसाला गाडीत बसता यायचं, अशी कंपनीत पद्धत होती. पुढे ज्याला महिनोन्‌महिने वाट बघायची आहे त्याला कळावं तरी की आपला माणूस करतो काय. मी दोन दिवस रजा टाकली. लेकीला बहिणीकडे सोडलं. केबिनमध्ये चढायलाच माझ्या नाकी नऊ आले. मामांनी वरून हात दिला आणि म्हणाले, 'ताई, तुमच्या मालकाची रेघ चांगली आहे.' मास्तर दुसरीकडे बघत होते, पण कान लाल झालेले. मामांनी त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली, माझ्यादेखत. 'संध्याकाळी तिकडच्या आवारात पोचलो की सही करून टाकू.'

मी अशी कधी कुठे गेले नव्हते. पहिले काही तास नुसती बघत बसले. खालून इंजिनाची घरघर अंगात चढते, आणि थोड्या वेळाने ती आपलीच वाटायला लागते. मास्तर बोलत होते. 'डावीकडे भट्टी. उजवीकडे मेंढ्या, कुंपणाच्या आत. पुढे वळण, मंद.' प्रत्येक शब्द जरासा वर चढणारा. मेंढ्या म्हणताना तर ते हसले. वस्ती संपली, टेकड्या संपल्या, आणि मग सपाट जमीन सुरू झाली. किती सपाट, सांगता येत नाही. दोन्ही बाजूंना पिवळं गवत आणि वर आभाळ, मध्ये रस्ता. लांब कुठेतरी पवनचक्क्या हळूहळू फिरत होत्या. तासभर चाललो तरी त्या तेवढ्याच लांब. ऊन काचेतून मांडीवर येऊन बसलं होतं. मला वाटलं, असंच जात राहावं, पोचूच नये कुठे. कशाचीच घाई नव्हती. मला स्वतःचीच कमाल वाटली, की मी अर्धा तास कोणाशी भांडले नव्हते.

जेवण झालं होतं. मामा फळीवर घोरत होते. मी डोळे मिटून मास्तरांचा आवाज ऐकत होते.

'डावीकडे झाड,' मास्तर म्हणाले. 'पुढे मोकळं.'

थोड्या वेळाने पुन्हा, 'डावीकडे झाड. पुढे मोकळं.'

मी डोळे उघडले, झाड बघायला. तिथे झाड नव्हतं. गवत होतं. मी मागे वळून बघितलं, मागेही नव्हतं. त्या सबंध प्रदेशात एक झाड नव्हतं.

'डावीकडे झाड,' मास्तर म्हणाले.

आवाज सपाट होता. मी त्यांच्याकडे बघितलं. पाठ ताठ, हात जिथे हवेत तिथे, डोळे उघडे, समोर. कोणीही बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय पण सावध माणूस आहे. मामा त्या आवाजावर खुशाल झोपले होते. चौतीस वर्षांचा अनुभव होता त्यांना, पण त्यांनी या माणसासमोर बसून अठरा वर्षं जेवण केलेलं नव्हतं.

'अहो,' मी म्हटलं.

'हं.'

तोच. मी समोर बघितलं. खूप पुढे, उन्हात थरथरताना, रस्त्यावर लाल शंकू मांडलेले दिसले. एक उभी गाडी, तिच्यावर लुकलुकणारा बाण. आणि माणसं. रस्त्यावर पांढरे पट्टे मारणारी टोळी होती.

'पुढे मोकळं,' मास्तर म्हणाले.

मला ओरडायचं होतं. आयुष्यभर ज्या घशावर मिजास केली तो घसा आयत्या वेळी बसला. मी नुसता हात पुढे केला आणि त्यांचं मनगट धरलं. घट्ट. मास्तरांनी एक श्वास आत ओढला, पाण्यातून वर आल्यावर ओढतात तसा, आणि ते परत आले. मी ते येताना पाहिलं. त्यांनी ब्रेक लावला, हळूहळू, जसा शिकवला होता तसा. अंतर पुष्कळ होतं. शंकूंच्या बऱ्याच अलीकडे आमचा वेग माणसाच्या चालण्याएवढा झाला. टोळीतल्या एकाने हिरवं निशाण दाखवलं आणि आम्ही त्यांच्या बाजूने निघून गेलो.

'काय झालं?' मागून मामांचा झोपाळू आवाज आला.

'रस्त्याचं काम चालू आहे,' मास्तर म्हणाले.

'बरं,' म्हणून मामांनी कूस बदलली.

झालं. एवढंच. कोणाला काही लागलं नाही, गाडीवर ओरखडा नाही. पुढचे दोन तास मास्तर बोलत राहिले, खरं खरं, जे दिसेल ते. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मी पदराशी चाळा करत बसले होते आणि मनात नुसता गोंधळ. कोणाला कळलंय? कोणालाच नाही. सही होऊ दे, मग मी रोज फोन करून ह्यांना जागं ठेवीन. दर तासाला करीन. मग मनात यायचं, आणि ज्या तासाला खिडकीत रांग असेल त्या तासाला? माझा हात एवढा लांब पोचणार आहे का? असं दहा वेळा या बाजूला आणि दहा वेळा त्या बाजूला. मला रडायला येत होतं आणि रडायची सोय नव्हती.

आवारात पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. माल उतरवणारी माणसं ताडपत्रीच्या दोऱ्या सोडत होती. मास्तर उलटे उतरले, मग मी उतरले. मामांनी चाकावरच्या पत्र्यावर मास्तरांची वही ठेवली, शेवटचं पान काढलं, खिशातून पेन काढलं. मास्तरांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. काय होतं त्या नजरेत ते मी सांगू शकत नाही. लहान मूल परीक्षेच्या निकालाला बघतं तसंही होतं आणि दुसरंही काही होतं. मला आत्ताही वाटतं, ते स्वतःच बोलणार होते. पण मी त्यांच्या आधी बोलले. मी कायमच त्यांच्या आधी बोलते.

'मामा, सही करू नका.'

आणि मी सगळं सांगितलं. नसलेली झाडं, पट्टे मारणारी माणसं, मनगट. मामांनी मास्तरांना विचारलं, 'खरं?'

'हो.'

'पहिल्यांदा?'

'सातव्या खेपेलाही,' मास्तर म्हणाले. 'अकरा किलोमीटर.'

मामांनी पेनाला टोपण लावलं. फार सावकाश लावलं. 'मास्तर, माझे पहिल्या वर्षी बावीस गेले होते,' ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मी पुढे वाकले. 'सगळ्यांचे जातात. मी माझ्या उस्तादाला सांगितलं. त्याने महिनाभर मला दर तासाला खाली उतरवलं, गाडीभोवती चालवलं, जेवण कमी केलं. गेली सवय. सातव्या खेपेला मला सांगितलं असतंस, तर आत्ता मी ही सही केली असती.'

मला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे तंद्रीने नाही घालवली सही. मी घालवली. खिडकीत बसून, बाटल्या घेता घेता.

'मामा, ते सांगणारच होते,' मी म्हटलं. 'मीच त्यांना गप्प बसायला लावलं.'

'हिचा काही संबंध नाही,' मास्तर म्हणाले. 'मी सांगितलं नाही.'

'ताई,' मामा म्हणाले, 'गाडी तुम्ही चालवत नव्हता.' त्यांनी वही मिटून मास्तरांच्या हातात दिली आणि ते पाठ फिरवून ऑफिसकडे गेले. चालताना ते फार म्हातारे वाटले मला.

घरी आम्ही बसने आलो. मी वाट बघत होते, ते आता चिडतील, आता मला बोलतील. बोलावं असं मला वाटत होतं. मास्तर खिडकीशी बसले होते. पुष्कळ वेळाने म्हणाले, 'त्या पट्टे मारणाऱ्यांतला एक जण खाली बसला होता. बघितलास? पाठमोरा. दोरी धरून खूण करत होता.'

'बघितला.'

'मी त्याला बाजूने जाताना बघितलं. तोवर तो माझ्यासाठी नव्हताच.' आणि ते रडायला लागले. आवाज न करता, खिडकीकडे तोंड करून. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बसमधल्या दोन बायका बघत होत्या, त्यांनाही मी काही म्हटलं नाही.

मास्तरांना हमरस्त्यालगत ताडपत्र्या शिवण्याच्या दुकानात काम मिळालं. मालाच्या गाड्यांवर टाकतात त्या. हात चांगला, दुकानदार खूश. पण ते पुन्हा जिना सरळ उतरायला लागले आणि जेवताना कोणाला काही सांगेनासे झाले. पहाटे साडेपाचला मला जाग यायची, मी चहा ठेवायची, आणि ओटा रिकामा. लेक एकदा म्हणाली, 'आई, बाबांना विचार ना त्या घोडीचं.' मी विचारलं. 'होती एक,' म्हणाले. मी हात पुसत उभी राहिले. मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, आणि नवरा तर शेजारच्या खोलीत होता.

सहा महिन्यांनी एका संध्याकाळी ते दुकानातून लवकर आले. मी भांडी घासत होते. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

'मामा आले होते दुकानात. ताडपत्री फाटली होती त्यांची.'

'मग?'

'शिवून दिली. शिवेपर्यंत बाजूला बसून होते. जाताना म्हणाले, पहिल्या खेपेपासून. दहाच्या दहा. नव्या वहीत. यायचं असेल तर सोमवारी ये.'

मी नळ बंद केला. माझी पाचावर धारण बसली होती, हे लपवत नाही. ती सपाट जमीन माझ्या डोळ्यांसमोर आली, तो पाठमोरा बसलेला माणूस आला. नको म्हणावं, असं जिभेवर आलं होतं. मास्तर दारात तसेच उभे होते. अठरा वर्षं त्यांनी मला काही विचारलेलं नव्हतं, सांगितलं होतं, नाहीतर ऐकलं होतं.

'जाऊ?' त्यांनी विचारलं.

'जा,' मी म्हटलं. 'आणि काही झालं तर आधी मामांना सांगा. मला फोन नंतर करा.'